अपील केलं तर शिक्षा वाढेल का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

"आमचा आणि चुलत दिरांचा बांध एकच. २०२१ च्या उन्हाळ्यात त्यांनी तारेचं कुंपण आमच्या हद्दीत सरकवून घातलं. यजमानांनी जेसीबी लावून ते काढलं, त्यात त्यांच्या डाळिंबाची काही झाडंही उपटली गेली. पोलीस केस झाली, चार वर्षं तारखा झाल्या. गेल्या आठवड्यात तालुका कोर्टाच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी निकाल दिला. भारतीय दंड संहितेच्या कलम ४२७ खाली एक वर्ष साधी कैद आणि १५,००० रुपये दंड, दंड न भरल्यास आणखी आठ महिने कैद. कलम ४४७ खाली एक महिना. शिवाय दिरांना ६०,००० रुपये नुकसानभरपाई वेगळी. दंड त्याच दिवशी भरला, अपिलासाठी महिन्याभराचा जामीन मिळाला. आता गावात जो तो सांगतो की अपिलात गेलात तर वरचं कोर्ट शिक्षा दुप्पट करतं, आणि दंड भरलात म्हणजे गुन्हा कबूल केलात. दीर निरोप धाडतात की एक लाख द्या, बांध सोडा, मिटवून टाकू. यजमान म्हणतात, भोगून टाकतो एक वर्ष. माझी झोप उडाली आहे. काय करावं?"
एक वाचक, सोलापूर जिल्हा

ताई, नमस्कार.

आधी तुमच्या यजमानांना सांगा की 'भोगून टाकतो' ही भाषा आजपासून बंद. निकालपत्राची जी पानं तुम्ही पाठवलीत त्यात शिक्षेचा जो आदेश आहे, त्यातल्या निदान दोन गोष्टी त्या न्यायालयाच्या अधिकारातच बसत नाहीत आणि तिसरी कलमाच्या शब्दांशी विसंगत आहे. जी शिक्षा देण्याचा अधिकार कायद्याने न्यायाधीशांना दिलेलाच नाही, ती निमूट भोगणं म्हणजे नुसतं नुकसान.

आता गावातल्या भीतीबद्दल. आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात सत्र न्यायालय शिक्षा वाढवू शकत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८६ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४२७ मध्येही ते तसंच उतरलं आहे. (हा ४२७ आणि तुमच्या केसमधला ४२७ हे दोन वेगळ्या कायद्यांतले आकडे आहेत, घोळ होऊ देऊ नका.) दोषसिद्धीविरुद्धच्या अपिलात वरचं न्यायालय निर्दोष सोडू शकतं, फेरसुनावणीचा आदेश देऊ शकतं, कलम बदलू शकतं, शिक्षा कमी करू शकतं किंवा तिचं स्वरूप बदलू शकतं. वाढवू मात्र शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये नागराजन विरुद्ध तमिळनाडू या प्रकरणात हेच पुन्हा ठणकावून सांगितलं : आरोपी दाद मागायला आला आणि आला होता त्याहून वाईट स्थितीत परत गेला, असं त्याच्याच अपिलात होता कामा नये.

शिक्षा वाढण्याचा रस्ता वेगळा आहे. राज्य सरकारला शिक्षा अपुरी वाटली तर सरकारी वकिलामार्फत सरकार स्वतंत्र अपील करू शकतं. तेव्हाही तुमच्या यजमानांना नोटीस देऊन त्यांचं म्हणणं ऐकावं लागतं आणि त्याच अपिलात त्यांना निर्दोष सुटकाही मागता येते. उच्च न्यायालय आपल्या पुनरीक्षणाच्या, म्हणजे खालच्या न्यायालयाचा आदेश तपासून पाहण्याच्या, अधिकारात शिक्षा वाढवू शकतं, पण तिथेही नोटीस आणि सुनावणी लागतेच. तुमच्या दिरांना मात्र 'शिक्षा कमी झाली, वाढवा' असं अपील करता येत नाही. २०२० च्या परविंदर कंसल निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आहे. भरपाई कमी मिळाली अशी तक्रार ते करू शकतात, तेवढंच. म्हणजे तुम्ही अपील केल्यामुळे यातलं काही ओढवतं असं नाही. अपील न करताही सरकारला जे करायचं ते करता येतंच. मग घाबरून घरी बसण्यात फायदा कुणाचा?

दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल, हेही खोटं. दंड भरणं म्हणजे न्यायालयाचा आदेश पाळणं. अपिलाचा हक्क त्याने जात नाही, आणि अपिलात दंड रद्द किंवा कमी झाला तर जास्तीची रक्कम परत मिळते. तुमच्या यजमानांनी खटल्यात गुन्हा कबूल केलेला नव्हता, पूर्ण केस लढवली. कबुली दिली असती तर गोष्ट वेगळी होती, कारण मग दोषसिद्धीविरुद्ध अपील चालत नाही, फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर की नाही यावर चालतं.

आता मुदत. सत्र न्यायालयात अपिलाची मुदत निकालाच्या तारखेपासून ३० दिवस. नक्कल मिळण्यात गेलेले दिवस मुदतीतून वजा होतात, पण कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालपत्राची प्रत त्याच वेळी फुकट मिळते आणि तुम्हाला ती मिळालेली आहे. त्यामुळे वजाबाकीच्या भरवशावर राहू नका. मुदत उलटली तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण रोजच्या रोज कारणं पटवून देत बसावं लागतं. दुसरं असं की तुम्हाला मिळालेला 'महिन्याभराचा जामीन' हा तेवढ्या दिवसांपुरताच आहे. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा झाली आणि आरोपी आधीपासून जामिनावर असला, की अपील करता यावं म्हणून खालचं न्यायालयच शिक्षा तेवढ्यापुरती थांबवतं. त्या मुदतीत अपील आणि सोबत शिक्षा स्थगितीचा अर्ज गेला नाही तर वॉरंट निघतं. म्हणून अपील मेमो (अपिलाची कारणं मांडणारा लेखी अर्ज), वकीलपत्र, निकालाची प्रमाणित नक्कल आणि स्थगितीचा अर्ज, हे सगळं एकाच दिवशी दाखल झालं पाहिजे. स्थगितीची फार धास्ती घेऊ नका. ठरावीक मुदतीची शिक्षा असेल तर ती अपील चालेपर्यंत उदारपणे थांबवावी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच भगवान रामा शिंदे गोसाई यांच्या प्रकरणात सांगितलं आहे. त्याचं कारणही साधं आहे. अपील चालायला दोन-तीन वर्षं लागली आणि तोवर एक वर्षाची कैद भोगून झाली, तर मग अपिलाला अर्थ काय राहिला?

आता मूळ मुद्दा. तुमच्या अपिलात दोन प्रश्न आहेत आणि ते वेगवेगळे मांडले गेले पाहिजेत. एक, यजमान दोषी ठरतात का? दोन, दोषी ठरले तरी ही शिक्षा त्या न्यायालयाला देता येत होती का? बऱ्याच अपील मेमोंमध्ये पहिल्या प्रश्नावर वीस-वीस कारणं असतात आणि दुसऱ्यावर शेवटी एक ओळ : 'शिक्षा जास्त आहे.' तुमच्या केसमध्ये तसं होऊ देऊ नका. पहिल्या प्रश्नावर हरलात तरी दुसऱ्यावर जिंकण्यासारखं बरंच आहे.

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तिथे वाद घालायला फारशी जागाच नाही, नुसतं गणित आहे.

प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना एका गुन्ह्यासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि १०,००० रुपये दंड एवढाच अधिकार जुन्या संहितेच्या कलम २९ ने दिला होता. ४२७ कलमात दंडाचा आकडा लिहिलेला नाही, त्यामुळे हवा तेवढा दंड लावता येतो असा समज होतो. पण एखाद्या गुन्ह्याला कायद्याने किती शिक्षा असू शकते आणि समोरच्या न्यायाधीशांना त्यातली किती देता येते, या दोन मर्यादा आहेत. दोन्ही पाळाव्या लागतात. म्हणजे १५,००० रुपयांतले ५,००० रुपये अधिकाराबाहेरचे.

इथे सरकारी वकील एक गोष्ट काढतील, त्याची तयारी ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने ही दंडाची मर्यादा ५०,००० रुपयांवर नेली आहे, आणि तुमचा निकाल त्यानंतरचा आहे. पण नव्या संहितेच्या कलम ५३१ मध्येच म्हटलं आहे की त्या दिवशी प्रलंबित असलेले खटले जुन्या संहितेप्रमाणेच चालवून निकाली काढायचे. तुमचा खटला तेव्हा सुरू होता. म्हणून १०,०००.

आठ महिन्यांचा भाग तर आणखी सरळ आहे. कैद आणि दंड अशी दोन्ही शिक्षा दिली असेल, तर दंड न भरल्याबद्दलची कैद त्या गुन्ह्याबद्दल न्यायदंडाधिकारी जितकी कैद देऊ शकतात तिच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असू शकत नाही. ४२७ ची कमाल कैद दोन वर्षं, म्हणजे २४ महिने. त्याचा चौथा हिस्सा सहा महिने. आठ महिने बसत नाहीत. तुम्ही दंड भरून टाकला असल्याने ही कैद आज तुमच्या दारात नाही, तरी अपिलात ती दाखवाच. शिक्षेचा आदेश करताना मर्यादांकडे लक्ष गेलेलं नाही हे त्यातून दिसतं.

तिसरी गोष्ट भरपाईची. आदेशात ६०,००० रुपये जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७ च्या पोटकलम ३ खाली द्यायला सांगितले आहेत. ते पोटकलम ज्या शिक्षेत दंडाचा समावेश नाही अशा शिक्षेसाठी आहे. दंड लावला असेल तर भरपाई त्या दंडातून द्यायची असते, पोटकलम १ प्रमाणे. इथे ४२७ खाली दंडही लावला आणि त्याच नुकसानीसाठी पोटकलम ३ ची भरपाईही दिली, ते एकत्र चालत नाही.

मात्र या मुद्द्यावर एक धोका मी लपवणार नाही. पोटकलम ३ च्या भरपाईला रकमेची कमाल मर्यादाच नाही, १०,००० ची दंडाची मर्यादा तिला लागत नाही. आणि भरपाईचा आदेश अपिलातलं न्यायालयही करू शकतं. त्यामुळे सत्र न्यायाधीश दंड रद्द करून भरपाई तशीच ठेवतील अशी शक्यता असते. म्हणून '६०,००० वाचले' असं आत्ताच धरून चालू नका. त्याऐवजी रकमेवर बोट ठेवा. साठ हजार हा आकडा आला कुठून? तुमच्या पत्रावरून दिसतं की फिर्यादीने साक्षीत नुकसान ८०,००० रुपये सांगितलं आणि न्यायालयाने त्यातले ६०,००० धरले. झाडं किती वर्षांची होती, बहार धरला होता का, कृषी सहायकाने पंचनामा केला होता का, तारेच्या आणि खांबांच्या पावत्या होत्या का, याबद्दल निकालात एक वाक्य नाही. १९८८ च्या हरी सिंग विरुद्ध सुखबीर सिंग या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भरपाई द्यायला न्यायालयांना उत्तेजन दिलं, पण त्याच निकालात रक्कम वाजवी असावी आणि आरोपीची देण्याची ऐपत पाहावी असंही सांगितलं. तुमच्या आदेशात ऐपतीचा विचार दिसत नाही.

आणखी एक बारीक बाब, जिच्याकडे सहज दुर्लक्ष होतं. आदेशात दोन्ही शिक्षा 'एकाच वेळी भोगायच्या' असे शब्द नाहीत. ते शब्द नसले की कायद्याने शिक्षा एकापाठोपाठ एक धरल्या जातात. म्हणजे तुम्ही समजताय तशी ती एक वर्षाची नाही, तेरा महिन्यांची आहे. दोष कायम राहिलाच तर दोन्ही शिक्षा एकाच वेळी भोगू द्याव्यात, अशी पर्यायी विनंती अपिलात घाला.

आता कुणी म्हणेल की सत्र न्यायाधीशांना तर खूप मोठे अधिकार असतात, ते १५,००० दंड स्वतःच कायम करतील. तसं करता येत नाही. कलम ३८६ च्या परंतुकात (कलमाला जोडलेल्या अटीत) म्हटलं आहे की ज्या न्यायालयाच्या निकालावर अपील आहे, त्या न्यायालयाला त्या गुन्ह्यासाठी जेवढी शिक्षा देता आली असती त्याहून जास्त शिक्षा अपिलात देता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ च्या जगत बहादूर विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात हेच तत्त्व मांडलं. अपील कितीही वर गेलं तरी माप तालुका कोर्टाचंच राहतं. आणि म्हणूनच गावातली 'दुप्पट' ही गोष्ट दोन्ही बाजूंनी खोटी ठरते.

पण ताई, शिक्षेचा भाग चुकला म्हणून केसच संपते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शिक्षा बेकायदा ठरली तर शिक्षा दुरुस्त होते. दोष तसाच राहतो. दोष पुसायचा तर पहिला प्रश्न जिंकावा लागेल, आणि तिथे तुमची बाजू सरळसोट नाही. तेही मोकळेपणाने सांगते.

४२७ साठी नुकसान होणं पुरेसं नाही. समोरच्याचं गैरवाजवी नुकसान करण्याचा उद्देश किंवा तसं होईल याची जाणीव सिद्ध व्हावी लागते. कुंपण आपल्याच जमिनीत आहे असं प्रामाणिकपणे समजून कुणी ते काढलं, तर तो उद्देश कुठे राहिला, हा तुमचा युक्तिवाद. तो कायद्याला धरून आहे. प्रश्न पुराव्याचा आहे. तुम्ही लिहिता की भूमी अभिलेख खात्याची हद्द कायम मोजणी २०२२ मध्ये झाली, 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) तुमच्या बाजूने आली, पण ती न्यायालयात दाखलच झाली नाही. अपिलात अतिरिक्त पुरावा देता येतो, जुन्या संहितेच्या कलम ३९१ खाली. अर्ज करा. पण ती मोजणी घटनेनंतरची आहे, आणि न्यायालय विचारेल ते जेसीबी लावला त्या दिवशी यजमानांच्या मनात काय होतं हे. त्यासाठी 'क' प्रतीपेक्षा मोजणीच्या अर्जाची पावती महत्त्वाची आहे. त्या पावतीवरची तारीख घटनेच्या आधीची असेल तर 'हद्द आमची आहे असं आम्ही आधीपासूनच म्हणत होतो' याचा तो लेखी पुरावा. घरातली ट्रंक, बँकेचं पासबुक, चलन, सगळं धुंडाळा. मात्र तीच पावती उलटही फिरवली जाईल : मोजणीचा अर्ज केला होता तर मोजणी होईपर्यंत थांबला का नाहीत? या प्रश्नाचं उत्तर तुमच्या वकिलांकडे तयार असलं पाहिजे. पाऊस तोंडावर होता, पेरणीला वाट राहिली नव्हती, असं काही खरं कारण असेल आणि ते उलटतपासणीत किंवा आरोपीच्या जबाबात आलेलं असेल, तर ते रेकॉर्डमधून शोधून काढा. नव्याने रचू नका.

४४७ बाबत आणखी एक अडचण. फौजदारीपात्र अतिक्रमणात मालकी कोणाची यापेक्षा कब्जा कोणाचा हे पाहिलं जातं. तेवढी पट्टी त्या दिवशी दिरांच्या कब्जात होती असं ठरलं, तर मालक असूनही आत शिरणं अडचणीत आणू शकतं. तिथे पुन्हा उद्देशावरच यावं लागतं : आपला हक्क सांगायला गेले की त्रास द्यायला?

आणि झाडं. कुंपणाबद्दल हक्काचा समज सांगता येईल, पण झाडं दिरांच्या निर्विवाद जमिनीत होती असं तुमचंही म्हणणं आहे. तुम्ही लिहिता की जेसीबी वळवताना ती गेली. मग मला पहिला प्रश्न पडला तो जेसीबीच्या चालकाचा. त्याची साक्ष झाली का? सरकार पक्षाने त्याला तपासलं नसेल तर झाडं मुद्दाम पाडायला सांगितली की यंत्राच्या धडकेत गेली, हे सांगणारा एकमेव त्रयस्थ माणूस कोर्टासमोर आलाच नाही. पंच फितूर झाले असतील, फिर्याद किती दिवसांनी दिली, घटनास्थळाच्या नकाशात झाडांची जागा दाखवली आहे का, हे सगळं साक्षीच्या नकला मिळवून ओळीने तपासायचं काम आहे. निकालपत्र वाचून अपील लिहिणारे वकील असतात आणि साक्षी वाचून लिहिणारे असतात. तुम्हाला दुसऱ्या प्रकारचे हवेत. फीची अडचण असेल आणि उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा, अपिलासाठीही वकील मिळतो.

जाताजाता : व्हॉट्सअॅपवर तुम्हाला कुणी दंड संहितेच्या जागी आलेल्या नव्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४ पाठवून 'एक लाखावर नुकसान असेल तर पाच वर्षं' असं घाबरवलं आहे. ते कलम १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांना. तुमची घटना २०२१ ची, तिला जुनाच कायदा, ज्यात ५० रुपये आणि त्यावरच्या नुकसानीला कमाल दोन वर्षं आहेत.

दोष कायम राहिलाच तर तुरुंगाशिवायही मार्ग आहे. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं, आणि हा आदेश अपिलातलं न्यायालयही करू शकतं. पहिलाच गुन्हा, शेतीचा वाद, इजा कुणाला नाही, अशा प्रकरणात हा लाभ द्यायचा नसेल तर का देत नाही याची खास कारणं न्यायदंडाधिकाऱ्यांनी लिहायला हवीत. तुम्ही पाठवलेल्या पानांत 'गुन्हा गंभीर आहे' एवढंच आहे. हा मुद्दा अपील मेमोत वेगळा, ठळक हवा. परिवीक्षेवर सुटल्यास दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रताही लागत नाही. यजमान सोसायटीच्या निवडणुकीचं म्हणत होते, त्यांना हे ऐकून बरं वाटेल.

आता दिरांचा निरोप. मिटवण्याला माझा विरोध नाही, उलट भावकीतल्या वादात मी तडजोडीच्याच बाजूची आहे. नुकसान खासगी व्यक्तीचं असेल तर ४२७ तडजोडीस पात्र आहे, ४४७ ही आहे. शिक्षा झाल्यावर ज्या न्यायालयात अपील आहे त्याची परवानगी लागते, आणि ती मिळून तडजोड नोंदली गेली की तिचा परिणाम निर्दोष सुटकेचा होतो. कैद, दंड, सगळं जातं. याचा अर्थ असा की तडजोड करायची असली तरी आधी अपील दाखल असलं पाहिजे. भावकीच्या बैठका ३० दिवसांत संपत नसतात आणि मुदत बैठकीसाठी थांबत नाही.

पण बांध सोडण्याची अट या फौजदारी तडजोडीत घालू देऊ नका. झाडांचे आणि कुंपणाचे पैसे किती द्यायचे ते बोला. हद्दीचा वाद मोजणीवर किंवा दिवाणी न्यायालयात जायचा तो जाऊ द्या. शिक्षेची भीती दाखवून जमीन लिहून घेण्याचा हा प्रकार मला अजिबात आवडलेला नाही. तुमच्या दिरांचंही नुकसान झालं आहे, त्यांची पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं गेली, याची जाणीव ठेवून बोला. त्यांना वाजवी रक्कम मिळायलाच हवी, ती तुम्ही स्वतःहून पुढे केलीत तर बोलणी सोपी होतील. जे ठरेल ते तलाठ्यासमोर स्टॅम्प पेपरवर करून मोकळे होऊ नका. त्या कागदाने शिक्षा जात नाही. दोन्ही बाजूंच्या सहीची तडजोड पुरसीस (लेखी निवेदन) सत्र न्यायालयात दाखल झाली पाहिजे, दिरांनी स्वतः हजर राहून न्यायाधीशांना 'राजीखुशीने मिटवलं' असं सांगितलं पाहिजे, आणि पैसे त्याच वेळी, बँकेतून, पावतीसह दिले गेले पाहिजेत.

तडजोड नाही झाली तर अपील चालेल. तारखांना यजमान नियमित जाऊ देत. वकील गैरहजर राहिले म्हणून फौजदारी अपील न ऐकताच फेटाळता येत नाही, गुणावगुणांवर पाहावंच लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बनी सिंग प्रकरणात सांगितलं आहे. पण त्यावर विसंबून राहू नका, कारण सलग गैरहजर राहिल्यास जामीन अडचणीत येतो. सत्र न्यायालयात पूर्ण यश आलं नाही तर उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करता येतो, त्याची मुदत ९० दिवस. थेट उच्च न्यायालयात जा असं जे कुणी सांगतंय त्यांना सांगा की पहिली पायरी सत्र न्यायालय आहे आणि पुराव्यावर सगळ्यात मोकळेपणाने बोलता येतं ते तिथेच.

या आठवड्यात वकिलांकडे जाताना निकालपत्राची प्रत, दंडाची पावती, जामिनाचा आदेश, 'क' प्रत, मोजणी अर्जाची पावती, सातबारा आणि आधीच्या वकिलांकडची संपूर्ण फाइल सोबत न्या. साक्षींच्या प्रमाणित नकलांचा अर्ज त्याच दिवशी टाका. आणि अपील मेमो दाखल होण्यापूर्वी तुम्ही स्वतः वाचा. शिक्षेच्या अधिकाराचा, आठ महिन्यांचा, ३५७ चा, परिवीक्षेचा आणि शिक्षा एकाच वेळी भोगण्याचा असे पाचही मुद्दे त्यात वेगवेगळे दिसले नाहीत तर सही करण्याआधी वकिलांना विचारा.